हजेरी

बिंगरा गावात फिंच स्ट्रीटवर संत्र्याची झाडं आहेत. जूनच्या थंडीत ती फळांनी वाकलेली असतात आणि एकाही फळाला कुणी हात लावलेला नसतो. सिडनीहून आठ तासांचा प्रवास करून आम्ही संध्याकाळी तिथे पोचलो. माझी तेरा वर्षांची लेक पाय मोकळे करायला उतरली आणि तिचा हात आपसूक फांदीकडे गेला. जवळून चाललेल्या एका आजीबाईंनी तिला हलकेच थांबवलं. महायुद्धात गेलेल्या गावच्या मुलांसाठी ही झाडं लावलीत, त्या म्हणाल्या. शाळेतली पोरं ती राखतात आणि ठरलेल्या दिवशी सगळी मिळून फळं उतरवतात. तोवर कुणी तोडत नाही.

मला ते फार आवडलं. पण रात्री मोटेलच्या खोलीत हीटर लावून पडल्यावर झोप येईना. आठवण कशी ठेवायची हे ज्या गावाला इतकं नेमकं कळतं, त्याच्याच शिवारात मारल्या गेलेल्या निदान अठ्ठावीस आदिवासी माणसांसाठी एक दगड उभा राहायला १६२ वर्षं लागली.

सकाळी आम्हाला त्या दगडापाशी जायचं होतं. मायल क्रीकला.

जायचं कारण लेकच. इथल्या शाळांत दरवर्षी २७ मे ते ३ जून 'रिकन्सिलिएशन वीक' पाळतात, आदिवासी आणि बाकीचे ऑस्ट्रेलियन यांच्यातल्या नात्याबद्दलचा आठवडा. २०२४ च्या त्या आठवड्यात एका रात्री जेवताना तिने विचारलं, "आई, यात आपण कुठल्या बाजूचे?" मी म्हटलं, "अगं, आपण २००९ साली आलो. आपला काय संबंध?" आदल्या वर्षी १४ ऑक्टोबरला आदिवासींच्या सल्लागार मंडळासाठी देशात सार्वमत झालं आणि ते पडलं, तेव्हा हेच वाक्य मी आमच्या मराठी गोतावळ्यात कितीदा तरी ऐकलं होतं. मी स्वतः 'हो' म्हणून मत दिलं होतं, तरी तोंडातून निघालं तेच. लेक वरणभात कालवत म्हणाली, "मग आपलं घर कुणाच्या जागेवर आहे?"

आमचं घर गिरावीनला. शेजारच्या उपनगराचं नाव पेमुलवॉय. तिथे आता आपली बरीच मराठी घरं आहेत, गणपतीत आम्ही आरतीला जातो. आमंत्रणांवर, कुरियरच्या पाकिटांवर ते नाव मी शेकडो वेळा लिहिलं असेल. तो माणूस कोण होता हे मी त्या रात्री प्रथम वाचलं. बिजिगल आदिवासींचा हा लढवय्या. १७९० नंतरची कितीतरी वर्षं, आज आम्ही जिथे कोथिंबीर-कढीपत्ता आणायला जातो त्याच टूंगॅबी-पॅरामॅटाच्या पट्ट्यात, तो इंग्रजांशी लढला. १८०२ मध्ये त्याला गोळी घातली आणि त्याचं मस्तक इंग्लंडला धाडलं. ते आजतागायत सापडलेलं नाही.

आणि २६ जानेवारी. ती तर आम्हाला दुप्पट आनंदाची तारीख. सकाळी झेंडावंदन आणि जिलबी, दुपारी शेजाऱ्यांकडे बार्बेक्यू, कारण तो ऑस्ट्रेलियाचाही राष्ट्रीय दिन. १८३८ च्या २६ जानेवारीला वॉटरलू क्रीकवर मेजर नन याच्या घोडेस्वार पोलिसांनी गमिलराय आदिवासींवर गोळ्या झाडल्या, हे मला पंधरा वर्षं इथे राहून माहीत नव्हतं.

मायल क्रीकची गोष्ट त्याच वर्षाची, त्याच मुलखातली. फरक इतकाच, की ती न्यायालयापर्यंत पोचली आणि म्हणून लिहिली गेली.

हेन्री डँगर नावाच्या जमीनदाराचं तिथे गुरांचं ठाणं होतं. गमिलरायांपैकी विरयराय लोकांची काही कुटुंबं काही आठवड्यांपासून त्या ठाण्याशेजारी मुक्कामाला होती. ती कुणावर चालून आलेली नव्हती. चार्ल्स किलमिस्टर नावाच्या गुराख्यानेच त्यांना बोलावून घेतलं होतं. संध्याकाळी तो त्यांच्याबरोबर नाचायचा, गायचा. पोरंटोरं गोऱ्यांच्या झोपडीत ये-जा करत. गोऱ्यांनी त्यांना आपल्या जिभेला सोपी नावं ठेवली होती. एक धिप्पाड म्हातारा 'डॅडी', एक 'किंग सँडी', त्याची बायको 'मार्था', त्यांचा तीनेक वर्षांचा 'चार्ली'. त्यांच्या आईबापांनी ठेवलेली नावं कागदावर कुठेच नाहीत.

१० जूनला उतरत्या उन्हात हत्यारबंद घोडेस्वार आले. बहुतेक सगळे शिक्षेवर पाठवलेले किंवा शिक्षा संपलेले कैदी, आणि पुढारी जॉन फ्लेमिंग नावाचा स्वतंत्र जमीनदार. वस्तीतले तरुण पुरुष त्या दिवशी शेजारच्या ठाण्यावर झाडांच्या साली काढायला गेले होते. मागे राहिलेल्या बायका, म्हातारे आणि मुलं घाबरून झोपडीत शिरली. झोपडीची राखण करणाऱ्या जॉर्ज अँडरसनला विनवू लागली. तोही कैदीच. घोडेस्वारांनी त्या सगळ्यांना एका लांब दोराला बांधलं आणि ओढत नेलं. ओढ्यात उडी टाकून दोन मुलगे वाचले. किलमिस्टरने आपला घोडा काढला आणि तो त्यांच्याबरोबर गेला. अँडरसन गेला नाही. दोन दिवसांनी ते लोक परत आले आणि त्यांनी प्रेतं जाळली.

या सगळ्यात मला फ्लेमिंगपेक्षा किलमिस्टर जास्त छळतो. फ्लेमिंग ती माणसं ओळखत नव्हता. किलमिस्टरला त्या प्रत्येकाचं, निदान त्याने ठेवलेलं, नाव माहीत होतं. आदल्या रात्रीपर्यंत जो त्यांच्या शेकोटीला होता तो दुसऱ्या दिवशी घोड्यावर बसतो, याचं कारण मी शोधत राहिले. त्याचा जबाब, खटल्याची हकीगत, जे हाती लागलं ते वाचलं. उत्तर मिळालं नाही. बाकीचे अकरा त्याच्याकडे बघत होते, एवढंच मला दिसतं.

ठाण्याचा कारभारी विल्यम हॉब्ज काही दिवसांनी परतला. राखेत त्याने कवट्या मोजल्या आणि वर कळवलं. पुढे त्याची नोकरी गेली. एडवर्ड डेनी डे या दंडाधिकाऱ्याने आठवडेच्या आठवडे घोड्यावर फिरून बारापैकी अकरा जणांना पकडलं. फ्लेमिंग निसटला तो कायमचा. तो १८९४ साली मेला, आपल्या गावातला प्रतिष्ठित माणूस म्हणून. सिडनीत १५ नोव्हेंबरला खटला उभा राहिला तेव्हा जमीनदारांनी वर्गणी काढून आरोपींना वकील दिले होते, आणि डँगरने साक्ष दिली ती त्यांच्याच बाजूने. जळालेल्या हाडांवरून 'डॅडी' ओळखायचा कसा, या मुद्द्यावर ज्युरीने पंधरा-वीस मिनिटांत सगळ्यांना सोडून दिलं. यिन्तायिन्तिन नावाचा एक आदिवासी तरुण ठाण्यावर कामाला होता. त्याने बरंच काही पाहिलं होतं. पण बायबलवर शपथ घेता येत नाही म्हणून न्यायालय त्याचं तोंड उघडू देईना. महाधिवक्ता जॉन प्लंकेट मात्र हटला नाही. त्याने आरोपींना कोठडीतच ठेवलं आणि एका लहान मुलाच्या खुनाचा नवा खटला सात जणांवर भरला. अँडरसन पुन्हा उभा राहिला, पुन्हा सगळं सांगितलं. १८ डिसेंबर १८३८ ला त्या सातांना फाशी झाली. किलमिस्टर त्यांच्यात होता.

यानंतर हत्या थांबल्या असत्या तर किती बरं झालं असतं. त्या चालूच राहिल्या. गोऱ्या वस्त्यांनी एवढंच शिकून घेतलं, की बोलायचं नाही. आणि हे न बोलणं पुढे वारशाने चालत आलं. १९६५ मध्ये बिंगरातल्याच लेन पेन नावाच्या गृहस्थांनी तिथे स्मारक व्हावं म्हणून खटपट केली, तेव्हा गावातल्या लोकांनीच ती हाणून पाडली. मग ते १० जूनला स्वतः त्या जागी फुलं वाहून येत. वर्षानुवर्षं. रविवारी सकाळी बिंगराहून निघाल्यावर रस्त्यात मला राहून राहून त्यांचीच आठवण येत होती, ज्यांना मी कधी पाहिलेलं नाही.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गवतावर दहिवर गोठून पांढरं झालेलं. मायल क्रीकचं सभागृह म्हणजे माळावर एकटी उभी असलेली पत्र्याच्या छपराची जुनी इमारत, तीही महायुद्धातल्या सैनिकांच्या स्मरणार्थ बांधलेली. बाहेर गाड्यांची रांग. रुंद काठाच्या टोप्या घातलेले शेतकरी, शाळेच्या गणवेशातली पोरं, गमिलराय कुटुंबं नातवंडांसकट, शहरातून आलेले आमच्यासारखे. कुणी कुणाला 'तुम्ही कोण' असं विचारत नव्हतं. एका बाईंनी माझ्या हातात गरम चहाचा कागदी पेला दिला आणि म्हणाल्या, थंडी फार आहे, लेकीला कानटोपी घाल.

स्मारकाच्या वाटेच्या तोंडाशी निलगिरीचा ओला पाला पेटवलेला होता. त्याच्या धुरातून एकेकाने जायचं. आमच्याकडे बाळंतिणीला शेक देताना ओव्याचा धूर कोंदायचा, तसा तो घशाला लागला आणि डोळ्यांत आला. पुढे तांबड्या मुरमाची नागमोडी वाट टेकाडावर चढते. वाटेत थोड्या थोड्या अंतरावर सात दगड, प्रत्येकावर पाटी, मजकूर इंग्रजीत आणि गमिलरायमध्ये. प्रत्येक दगडाशी सगळे थांबत, एक मूल पुढे येऊन वाचत असे. एका पाटीपाशी दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा गमिलराय शब्दांवर अडखळला. मागून एका वृद्ध बाईने तो शब्द हळूच सांगितला. त्याने तो पुन्हा म्हटला, या खेपेला नीट, आणि पुढे वाचत गेला. दोन-अडीचशे माणसं त्या एका शब्दासाठी थांबली होती. कुणी खाकरलंसुद्धा नाही.

वाट संपते तिथे ग्रॅनाइटचा भलामोठा गोटा आहे आणि समोर उतार. हाच तो उतार. १० जून १८३८ च्या दुपारी उशिरा, काही चिथावणी नसताना, ठरवून, ज्या विरयराय लोकांचा या उतारावर खून झाला त्यांच्या स्मरणार्थ, असं त्यावर लिहिलं आहे. खाली लिहिलं आहे की आदिवासी आणि बिगर-आदिवासी ऑस्ट्रेलियन लोकांनी मिळून, आपल्या सामायिक इतिहासातलं सत्य मान्य करून, तो १० जून २००० ला उभारला. शेवटी, ङियानी विनङाय गनुङा. आम्ही त्यांची आठवण ठेवतो. 'खून' हा शब्द तिथे आहे. 'दुर्दैवी घटना' नाही, 'चकमक' नाही. २००५ मध्ये कुणीतरी पाट्यांवरचे हे असलेच शब्द हातोड्याने ठेचून काढायचा प्रयत्न केला होता. पाट्या पुन्हा नीट केल्या गेल्या.

या दगडामागे दोन बाजूंची माणसं आहेत. स्यू ब्लॅकलॉक या गमिलराय बाई, त्या हत्याकांडातून वाचलेल्यांच्या वंशातल्या. रेव्हरंड जॉन ब्राउन हे गोरे पाद्री. १९९८ मध्ये याच भागातल्या एका परिषदेत दोघांनी मिळून स्मारकाचं मनावर घेतलं. आणि २००० साली उद्घाटनाला आले डेस ब्लेक आणि ब्यूला अॅडम्स. डेस ज्या जॉन ब्लेकच्या वंशातले, तो पकडलेल्या अकरांपैकी, पण फाशीतून सुटलेला. ब्यूलाबाई फाशी गेलेल्या एडवर्ड फोलीच्या घराण्यातल्या. आपल्या घराण्याचा इतिहास शोधता शोधता दोघांना हे कळलं होतं. कळल्यावर कागद मिटून ठेवता आला असता. इतक्या जुन्या गोष्टीचा जाब त्यांना कोण विचारणार होतं? पण ते आले, सगळ्यांसमोर आपण कुणाचे ते सांगितलं, आणि मारल्या गेलेल्यांच्या वंशजांनी त्यांना जवळ घेतलं.

मी व्यवसायाने हिशेबनीस. महिनाअखेरीला 'रिकन्सिलिएशन' हे माझं पहिलं काम असतं, बँकेचं विवरण एका बाजूला, आमचं खातं दुसऱ्या बाजूला. मराठीत याला आम्ही जुळवणी म्हणायचो. सोलापुरात आर्टिकलशिप करताना माझे साहेब सांगायचे, फरक दिसला की आधी तो फरक कुठल्या नोंदीचा आहे ते शोध, भलती रक्कम टाकून बेरीज जुळवशील तर ते खातं कधीच जुळणार नाही. इथल्या पेपरांत या शब्दासाठी मी मनात 'समेट', 'सलोखा', 'दिलजमाई' असे शब्द लावून पाहायचे आणि एकही बसत नसे. समेट भांडणाऱ्यांत होतो, नि इथे भांडण नव्हतंच. त्या उतारावर उभं राहून वाटलं, शब्द आपला रोजचाच आहे. दोन वह्या आहेत. एकीत एक नोंद १६२ वर्षं नव्हती. ज्यांची वही अपुरी होती त्यांच्याच वारसांनी येऊन ती आपल्या हाताने चढवली.

मग मला आजोबांची वही आठवली.

माझे आजोबा सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या गावचे पोलीस पाटील होते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने इंग्रजांनी कितीतरी जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या, आणि नंतर तो मुंबई इलाख्यातही लागू झाला. पारधी, कैकाडी, माकडवाले, भामटे. सोलापुरात त्यांना तारेच्या कुंपणात कोंडलं होतं आणि त्या जागेला लोक अजूनही 'सेटलमेंट' म्हणतात. इथे ऑस्ट्रेलियात तोच शब्द येऊन वसलेल्या गोऱ्यांच्या वस्तीला आहे. गावोगाव जे पारधी होते त्यांना पाटलाकडे हजेरी द्यावी लागे, रात्रीसुद्धा. परगावी जायचं तर दाखला.

आजी सांगायची, "तुझ्या आजोबांच्या वक्ताला गावात सुई हरवली नाही." एकदा एक पारधीण नवऱ्याच्या दाखल्यासाठी आली होती, कडेला तान्हं पोर. तिची आई पलीकडच्या गावात आजारी होती. आजोबा जेवत होते, मग झोपले, मग शेतावर गेले. ती दिवेलागणीपर्यंत ओट्याखाली बसून होती. आजी ही गोष्ट आजोबांच्या शिस्तीची म्हणून सांगायची आणि आम्ही नातवंडं ती कौतुकाने ऐकायचो. त्या बाईची आई त्या रात्रीत गाठली गेली का, हे आमच्यापैकी कुणीही कधी विचारलं नाही. मीही नाही.

ती हजेरीची वही मी लहानपणी पाहिली आहे. लाल कापडी बांधणीची, कोपरे उंदरांनी कुरतडलेले. डावीकडे नावं, पुढे उभ्या रेघांचे रकाने, रकान्यांत 'ह' आणि 'गै'. अक्षर आजोबांचं, मोत्यासारखं. आम्ही शाळा-शाळा खेळताना तिचं हजेरीपत्रक करायचो. मी बाई व्हायचे आणि ती नावं मोठ्याने पुकारायचे, आणि माझी चुलत भावंडं 'हजर बाई' म्हणून ओरडायची. 'गै'च्या पुढे काय व्हायचं, चावडीवर किती मार पडायचा, ते त्या रकान्यांत लिहिलेलं नव्हतं.

३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला. दरवर्षी त्या तारखेला 'विमुक्त दिन' पाळला जातो, सभा होतात, मिरवणुका निघतात. त्या मी पेपरात वाचल्या आहेत. आमच्या घराण्यातलं कुणी त्या दिवशी कधी कुठे गेल्याचं मला आठवत नाही. पारध्यांची पालं माझ्या लहानपणी गावाबाहेर गायरानात होती, आणि गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी तिकडेच वळायची.

दुपारी सभागृहात सँडविच आणि फळांचा केक होता. लेक तिथल्या मुलांबरोबर बाहेर गवतात पळत होती. परतीच्या वाटेवर, टॅमवर्थ मागे टाकल्यावर, मी नवऱ्याला आणि तिला आजोबांच्या वहीबद्दल सांगितलं. ओट्याखाली बसलेल्या बाईची गोष्टही सांगितली. आजी सांगायची तशी नाही सांगितली. लेक बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "त्यात त्यांची खरी नावं आहेत?" मी म्हटलं, "हो. खरी नावं आहेत."

घरी पोचल्यावर दुसऱ्या दिवशी गावाकडे काकांना फोन लावला.

"काय करायचंय गं तुला त्या बाडाचं आता? वाळवीनं खाल्लं असंल."

"बघा ना काका माळ्यावर. मोठ्या पेटीत असायचं."

"आणि घावलं तर?"

मी म्हटलं, त्यातली नावं लिहून काढायची आहेत. मग गायरानात जाऊन, त्यांच्या घरातलं कुणी अजून तिथे असेल तर, ही वही तुमची आहे आणि ती आमच्या घरात होती, एवढं सांगायचं आहे. त्यांनी बसा म्हटलं तर बसायचं. नाही म्हटलं तर तेही बरोबरच.

काका बराच वेळ गप्प होते. पलीकडे कुकरची शिट्टी झाली, कुणीतरी टीव्हीचा आवाज कमी केला. मग म्हणाले, "त्या बाईची गोष्ट मला पण आई सांगायची." थोडं थांबले. "बॅटरी घिऊन बघतो सांच्याला."

आमची तिकिटं २४ ऑगस्टची आहेत. लेकीने शाळेत रजेचा अर्ज दिला आहे. कारणाच्या रकान्यात तिने 'कुटुंबाचं काम' असं लिहिलं आहे.